कोडेक्स पाळायचं की एफएसएसएआय?

पथारीवाला, नंदुरबार:
आमचं मिरचीपुडीचं छोटं युनिट आहे. दुबईच्या गिऱ्हाइकानं कराराचा मसुदा पाठवलाय, त्यात एकच ओळ घातलीय: माल कोडेक्सप्रमाणे, म्हणजे अन्नाच्या आंतरराष्ट्रीय मानकांप्रमाणे असावा. पुतण्यानं रात्री बसून कोडेक्सच्या चाळीसेक पीडीएफ उतरवल्या. निम्म्यांवर १९६९, १९८५, १९९५ अशी सालं. म्हटलं एवढं जुनं कशाला ठेवायचं, उडवल्या. आता सांगा, एफएसएसएआयचं, म्हणजे आपल्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचं लायसन्स पुरे की कोडेक्सही पाळावं लागतं? दोघांचं जुळलं नाही तर कुणाचं ऐकायचं?

शेंगदाणा_धुळे:
आधी त्या फायली रिसायकल बिनमधून परत काढा! इतली घाई कसाले, भाऊ? नंबरातलं साल म्हणजे तो कागद पहिल्यांदा मंजूर झाला ते साल. ते बदलत नाही. दुरुस्त्यांची सालं शीर्षकाखाली बारीक अक्षरात असतात. अन्न स्वच्छतेची संहिता सीएक्ससी १-१९६९ घ्या. दिसते म्हातारी, पण २०२० मध्ये जवळजवळ नव्यानं लिहिलीय.

यात मी स्वतः तोंडावर पडलोय. ऑडिटर आला, माझ्या लाल फायलीतलं पहिलं पान उघडलं आणि त्या बारीक ओळीवर बोट ठेवलं. माझ्याकडच्या प्रतीत एचएसीसीपी (अन्नातले धोके ओळखून आवरायची पद्धत) मागे परिशिष्टात होतं, नव्या आवृत्तीत तो अख्खा दुसरा भाग आहे. शेरा पडला. तेव्हापासून वही करतो: नंबर, शेवटची दुरुस्ती, मी उतरवल्याची तारीख, आणि आपल्याकडचा त्याच विषयाचा नियम. चौथ्या रकान्यातच सगळा घाम निघतो.

आता कायद्याचं. कोडेक्स आयोग एफएओ (संयुक्त राष्ट्रांची अन्न व शेती संघटना) आणि डब्ल्यूएचओचा, १९६३ पासूनचा. भारत १९६४ पासून सदस्य. पण त्याचं मानक आपोआप आपल्यावर लागू होत नाही. २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याचं कलम १६ एफएसएसएआयला सांगतं की देशी मानकं आंतरराष्ट्रीय मानकांशी जुळती ठेवा, मात्र इथलं संरक्षण कमी होता कामा नये. मग मसुदा निघतो, हरकती मागवतात, अंतिम अधिसूचना राजपत्रात येते. ती आली की कायदा. नंदुरबारच्या बाजारात विकाल तर हेच बघायचं. करारात कोडेक्स लिहून सही केलीत, तर तेही तुमच्यावर बांधील, पण करार म्हणून.

शहादेकर:
नुसतं 'कोडेक्सप्रमाणे' यावर सही करू नका. कुठलं मानक, कुठल्या सालची दुरुस्ती, मर्यादा किती, सगळं लिहून घ्या. शिवाय माल जिथे उतरणार तिथला कायदा वेगळाच असतो. आपल्याकडे मसाल्यांना एकूण अफ्लाटॉक्सिन (बुरशीचं विष) किलोला ३० मायक्रोग्रॅम चालतं, युरोपात सुक्या मिरचीला १० च. इथं पास झालेला माल तिथं अडकतो. दुबईचं त्यांच्याकडूनच लेखी मागवा.

पथारीवाला, नंदुरबार:
फायली मिळाल्या, पुतण्याला तेवढ्यासाठी दोनदा चहा पाजला. पथारीवरची मिरचीही उलटून पाहिली. वरून खुळखुळ वाजते, खालच्या थरात देठ अजून लवतात. आपल्या नियमात ओलावा ११ टक्क्यांवर नको ना? चौथा रकाना कुठून भरू?

शेंगदाणा_धुळे:
हो, ११. एफएसएसएआयच्या साइटवर नियमांचं कंपेंडियम आहे, दुरुस्त्या घालून एकत्र केलेलं. सुरुवात तिथून करा, मग प्रत्येक ओळ राजपत्राच्या प्रतीशी ताडून बघा. आणि ती मिरची आजच गोळा करू नका, अजून दोन उन्हं लागतील.