पीएला ‘अहो’ म्हटलं की मान मिळाला का?

सीमेवरचा वॉर्ड
बेळगाव-निपाणी-चिकोडी पट्ट्यात ‘पीए’ म्हटलं की लोकांना आमदाराचा पीए आठवतो. दवाखान्यातला पीए, म्हणजे फिजिशियन असिस्टंट, हा डॉक्टरच्या हाताखाली काम करायला वेगळा शिकलेला माणूस आहे, हे कित्येक कन्सल्टंटांच्याही ध्यानात नसतं. अमेरिकेत ड्यूक विद्यापीठात १९६५ साली हा अभ्यासक्रम निघाला. आपल्याकडे १९९२ मध्ये मद्रास मेडिकल मिशनमध्ये डॉ. के. एम. चेरियन यांनी तो आणला. तरी राऊंडवर त्याच्या वाट्याला येतं ते ‘ए, फाइल धर’.

माझं म्हणणं, मान हाकेत नाही, कामाच्या यादीत आहे. प्रत्येक विभागानं एका पानावर तीन रकाने करावेत: पीए आपणहून काय करेल, विचारून काय करेल आणि कशाला हात लावणार नाही. खाली कन्सल्टंटची सही. पटतंय का?

एमडी मेडिसिन
नाही पटत. यादीवर सही माझी, कोर्टात उभा राहणारही मीच. २०२१ च्या केंद्रीय कायद्यात या व्यवसायाचं नाव आलं, चांगलं झालं. पण नाव आलं म्हणून स्वतंत्र चिठ्ठी लिहायचा हक्क आला नाही. शेड्यूल एचची औषधं नोंदणीकृत डॉक्टरच्याच चिठ्ठीवर मिळतात.

म्हणून पीएनं बघितलेलं मी पुन्हा बघतो, आणि त्यात अपमान कसला? इन्सुलिनचंच घ्या. व्हायल मिलीला ४० युनिटची आणि हातात १०० ची सिरिंज आली, तर २० च्या खुणेपर्यंत भरून पेशंटला जातात फक्त ८ युनिट. उलट झालं, म्हणजे १०० ची व्हायल आणि ४० ची सिरिंज, तर २० च्या जागी ५०. माणूस हुशार असो वा नसो, ही चूक दुसऱ्या डोळ्यांनीच सापडते.

ऊसपट्टा पीए
सर, दुबार तपासणीबद्दल तक्रार नाही. गाडी अडते ती रात्रीच्या फोनवर. ऊसतोडीच्या दिवसांत सर्पदंश आला की २० मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी पीएच करतो. शिरेतलं ताजं २ मिली रक्त, स्वच्छ कोरडी काचेची नळी, २० मिनिटं अजिबात हलवायची नाही, मग एकदाच तिरकी करायची. प्लास्टिकची नळी घेतली किंवा काचेची साबणानं धुतलेली असली तर चांगलं रक्तही गोठत नाही, आणि नसलेलं विष दिसतं. मण्यार चावली असेल तर उलटा घोळ: रक्त नीट गोठतं, इकडे पापण्या जड होत जातात. म्हणजे ‘गोठलं का?’ एवढं विचारून फोन ठेवणं बरोबर नाही.

फोनवर चार गोष्टी सांगायच्या असतात: काय झालंय, मागचं काय, मला काय वाटतं, तुमच्याकडून काय हवंय. पहिल्या दोन सगळे ऐकून घेतात. ‘रक्त गोठलं नाही, हिरड्यांतून येतंय, एएसव्हीच्या (सर्पविषावरच्या औषधाच्या) १० व्हायल सुरू करायच्या का?’ म्हटलं की पलीकडून ‘तू मला शिकवू नकोस’. असं दोनदा ऐकलेला पीए तिसऱ्यांदा फक्त बीपी सांगतो. नुकसान कुणाचं, सांगा की.

एमडी मेडिसिन
चौथी गोष्ट सांगायलाच हवी, हे मान्य. ‘शिकवू नकोस’ म्हणणाऱ्याची बाजू मी घेणार नाही. पण सुचवणं वेगळं, सुरू करणं वेगळं. एएसव्हीची रिअॅक्शन कधी कधी पहिल्या काही मिनिटांतच येते. अॅड्रेनालिन (त्यावरचा उतारा) अर्धा मिलिग्रॅम सिरिंजमध्ये भरून उशाशी हवं, आणि ड्युटी डॉक्टर खाटेपाशी.

खडेबाजार सिस्टर
तुमच्या दोघांच्या मानापानात सिस्टर कुठं आहे? पीए येऊन सांगतो, ‘सर म्हणाले, पोटॅशियम लावा.’ १० मिलीच्या अँप्युलमध्ये २० मिलिइक्विव्हॅलंट असतं, थेट शिरेत गेलं तर हृदय थांबतं. सरांनी सलाईनमध्ये म्हटलं, किती तासांत म्हटलं, कुठं लिहिलंय? तोंडी ऑर्डर ज्यानं घेतली त्यानं लिहावी, डॉक्टरला वाचून दाखवावी, वेळ टाकावी. तोवर मी अँप्युल फोडणार नाही. मग कुणी उद्धट म्हणो.

खानापूर रस्ता
आपल्याकडं आणखी एक गुंता आहे. पेशंट मराठी, डॉक्टर कन्नड, केसपेपर इंग्रजी, आणि मधला दुभाषा पीए. म्हातारी म्हणते ‘जीव घाबरा होतो’. कागदावर कधी ‘छातीत दुखतं’ उतरतं, कधी ‘दम लागतो’. दोन्हींच्या तपासण्या वेगळ्या. पीए म्हातारीचे शब्द जसेच्या तसे सांगत असताना डॉक्टरनं मध्ये तोडू नये, माझ्या लेखी मान तो.

दुसरी बाजूही आहे. पांढरा कोट दिसला की पेशंट ‘डॉक्टर’ म्हणतो आणि पुष्कळ पीए ते खोडत नाहीत. ‘मी डॉक्टर नव्हे’, ‘नानु डॉक्टर अल्ल’, दोन्ही भाषांत म्हणायला किती वेळ लागतो? अमेरिकेतल्या पीएंच्या संघटनेनं २०२१ मध्ये ‘असोसिएट’ नाव घेतलं. ब्रिटनमध्ये पीएंवरच्या २०२५ च्या लेंग अहवालानं पुन्हा ‘असिस्टंट’ म्हणा, असं सुचवलं. गोंधळ तिकडंही आहे.

आयसीयू रात्रपाळी
हाक, नाव, सगळं ठीक. खरं दुखणं असं: कागदावर असिस्टंट, रात्री कामाला ड्युटी डॉक्टर, पगाराला टेक्निशियन. पैसे वाचवायला डॉक्टरच्या जागी पीए उभा केला की दोघांचीही किंमत गेली. यावर कन्सल्टंट का बोलत नाहीत?

एमडी मेडिसिन
बोलतो. रात्री ड्युटी डॉक्टर आवारात हवाच. यादी करणार असाल तर पहिली ओळ ती घाला, मग माझी सही मिळेल.

सीमेवरचा वॉर्ड
घातली. पोटॅशियम आणि एएसव्ही सुरू करणं तिसऱ्या रकान्यात, गोठण चाचणी पहिल्यात. तोंडी ऑर्डरची वेळ-सही केसपेपरच्या समासात चालेल?

खडेबाजार सिस्टर
ऑर्डर शीटवरच. समासात कोण बघतंय.