बाहुलीघराचा पोर्च : शुभ्र पांढरा की मळका पांढरा?

चिमणचूल
१:१२ मापाचं, म्हणजे खऱ्याच्या बाराव्या हिश्शाचं फार्महाऊस. काळ १८९० च्या आसपासचा, प्रदेश अमेरिकेचा मध्य-पश्चिम. पोर्च १५ सेंमी खोल, म्हणजे खऱ्या घराचा सहा फुटी. भिंती पांढऱ्या, त्यात वाद नाही. पोर्चला मात्र सगळीकडे एकच सल्ला मिळतो : खांब-कठडा शुभ्र पांढरा, जमीन चकचकीत करडी, छत आकाशी. माझ्या मते तिन्ही चूक. ट्यूबमधला टायटॅनियम व्हाइट पेन्सिलीएवढ्या खांबावर प्लास्टिकसारखा दिसतो. वीस थेंब पांढऱ्यात एक थेंब रॉ अंबर (मातकट तपकिरी रंग) हवाच. खरं घर आपण लांबून बघतो, मधल्या हवेने रंग निवळतो. मॉडेलमध्ये ती हवा रंगातच कालवावी लागते. आणि चमक कुठेही नको.

पाव_इंच
हवेचा मुद्दा विमानं करणाऱ्यांकडून उसना आणलाय. जरा हिशोब करा. १:७२ चं विमान ६० सेंमीवरून बघणं म्हणजे खरं विमान ४३ मीटरवरून बघणं. तिथे ठीक. १:१२ चं घर तेवढ्याच अंतरावरून बघितलं तर होतात ७ मीटर, म्हणजे गल्लीपलीकडचं घर. सात मीटरवर कुठला रंग निवळतो हो? शिवाय आत २७०० केल्विनचा पिवळसर एलईडी लावणार असाल तर अंबरवाला पांढरा जुन्या स्विचबोर्डासारखा दिसेल. प्लास्टिकसारखा दिसतो तो चमकेमुळे. तोच पांढरा मॅटमध्ये लावा आणि मग बोला.

ओसरी_पडवी
दोघेही १८९० चा पांढरा सोडून भांडताय. तो टायटॅनियम नव्हताच, पांढरं शिसं आणि जवसाचं तेल होतं. जवसाचं तेल सावलीत पिवळट पडतं. म्हणजे बाहेरच्या भिंतीपेक्षा पोर्चच्या आतलं लाकूड किंचित पिवळं, हे त्या काळाला धरून आहे. अंबर घालायचाच तर आतल्या बाजूला घाला, सरसकट नको. आणि पांढऱ्याचा वाद आपला नव्हे, १८४२ सालीच घरं-बागांवर लिहिणारे अमेरिकन रचनाकार अँड्र्यू जॅक्सन डाउनिंग यांनी खेड्यातल्या घरांना पांढरा नको, मऊ मातकट छटा द्या म्हणून लिहिलं होतं. तरी पांढरी घरं काही थांबली नाहीत.

छताबद्दल चिमणचूलताईंशी सहमत. निळ्या छताची चाल दक्षिण कॅरोलिना-जॉर्जियाच्या किनाऱ्यावरच्या गल्ला-गीची लोकांची, म्हणजे तिथे आणलेल्या आफ्रिकी गुलामांच्या वंशजांची. भुताला पाणी ओलांडता येत नाही, म्हणून छत पाण्याच्या रंगाचं. मध्य-पश्चिमेच्या शेतघराला त्याची सक्ती कशाला? पट्ट्यांचं छत नुसतं वॉर्निश केलं तरी शोभतं.

काचकागद
रंगाची नावं नंतर. घोडं पेंड खातं ते एमडीएफच्या (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीच्या) कडांवर. कड पाणी पिते, फुगते, आणि तिथे कुठलाही पांढरा खरखरीत दिसतो. लाकडाची छिद्रं बुजवणाऱ्या सँडिंग सीलरचे दोन हात, मधे ४०० नंबरचा पॉलिशपेपर, मग रंग. कातीव खांबांना पातळ तीन हात. एकच जाड हात दिला की खाचा बुजतात आणि खांब मेणबत्ती होतो.

छत आणि जमीन जोडण्याआधीच रंगवा, नंतर कोपऱ्यात ब्रश पोचत नाही. पण चिकटवायच्या जागी मास्किंग टेप लावा. फेव्हिकॉल लाकूड धरतो, रंगावर धरत नाही. पातळ फळी एकाच बाजूने रंगवली तर पन्हाळीसारखी वाकते, म्हणून मागूनही एक हात.

जमिनीला आईस्क्रीमच्या काड्या वापरू नका. त्यांची १० मिमी रुंदी खऱ्यात १२ सेंमी होते. खरी पोर्चची पट्टी सव्वातीन इंची, म्हणजे इथे ७ मिमी. पट्ट्या भिंतीपासून बाहेरच्या दिशेने, आणि पाणी जायला फुटाला पाव इंच उतार. तुमच्या १५ सेंमीत तो जेमतेम ३ मिमी होतो, पण नजरेला कळतो.

चमकेवर मात्र चिमणचूलताईंशी नाही जमत. खऱ्या पोर्चच्या जमिनीला तेलरंगच असायचा. अगदी मॅट केली तर ती सिमेंटची वाटते. सॅटिन, म्हणजे मंद चमकेचा रंग ठेवा.

चिमणचूल
सात मीटरचा हिशोब मान्य, हवेचा मुद्दा मागे घेते. अंबर मागे घेत नाही, आता तो शिशाच्या नावावर. पण सॅटिन? अ‍ॅक्रिलिक सॅटिन उकाड्यात चिकट होतो. झुलती खुर्ची महिनाभर एका जागी ठेवली की उचलताना पायाखालचा रंग घेऊनच येते.

काचकागद
पुरता न सुकलेला रंग चिकटतो. हाताला कोरडा लागला तरी दोन-तीन आठवडे काही ठेवू नका. मग सॅटिनवर जिथे पावलं पडतात, म्हणजे दारापासून पायरीपर्यंतच्या पट्ट्यात, मॅट वॉर्निश. खुर्ची त्याच पट्ट्यात ठेवा. झीजही दिसते, चिकटतही नाही. करडा नुसत्या काळ्या-पांढऱ्याचा करू नका, निळसर जातो. चिमूटभर बर्न्ट अंबर (अंबरचाच तांबूस भाऊ) घाला.

पाव_इंच
म्हणजे अंबर शेवटी जमिनीत गेला! तिथे चालेल. खांबांसाठी एक करा : एकाच पट्टीवर तीन पांढरे लावा, शुद्ध, चाळीसात एक, वीसात एक. छताखाली उभी धरा, घरातला एलईडी लावून एकदा आणि बंद करून खिडकीच्या उजेडात एकदा. वीसात एक दिवा लावल्यावर टिकला तर मी गप्प.

ओसरी_पडवी
पट्टी सुकल्यावर बघा. अ‍ॅक्रिलिक ओला असताना फिका दिसतो, वाळून गडद होतो.