मेट्रोनिडॅझोल: शिरेतून की जखमेवर?

मिरजेची_सून: सासूबाईंना स्तनाचा कॅन्सर आहे, गाठ फुटून जखम झालीय. ताप नाही, पण वास फार येतो; नातवंडांना त्या स्वतःच जवळ येऊ देत नाहीत. डॉक्टरांनी मेट्रोनिडॅझोलचं जेल दिलंय. नणंद ऐकत नाही: "बाबांचं अपेंडिक्स फुटलं तेव्हा हेच औषध सलाइनमधून दिलं, मग आईला नुसतं मलम?" काय सांगू तिला?

औषधदुकान: शिरेतून दिलं म्हणजे जास्त जोरदार, असं नाही. याची गोळीसुद्धा जवळजवळ पूर्ण रक्तात उतरते.

जुनी_सिस्टर: अगं, सासऱ्यांच्या पोटात पू होता, तिथे जेल कुठून लावणार? त्यात पेशंट उपाशी, म्हणून बाटली: 100 मिलीत 500 मिलिग्रॅम, दर आठ तासांनी. सासूबाईंचा वास येतो तो मेलेल्या मांसात, हवेविना वाढणाऱ्या जंतूंमुळे. त्या मांसात रक्तच धड फिरत नाही, तर रक्तातलं औषध पोचणार कसं? वरून लावलेलं थेट जंतूंवर बसतं. अंगात फारसं भिनत नाही, त्यामुळे मळमळ, तोंडाला धातूची चव, हेही टळतं. आमच्या वॉर्डात जेल नसलं की गोळ्या कुटून भुकटी भुरभुरायचो. (तुम्ही मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.)

ड्रेसिंग चिकटलं तर ओढू नकोस, साध्या सलाइनने (निर्जंतुक मिठाच्या पाण्याने) भिजव. ही जखम जराशा धक्क्याने वाहायला लागते. आणि नणंदेला स्पष्ट सांग, जेलने वास कमी होईल, गाठ नाही.

मिरजेची_सून: ताई, घरात सलाइनमधून द्यायची एक बाटली उरलीय. ती जखमेवर ओतली तर?

जुनी_सिस्टर: औषध तेच, पण पाण्यासारखं, चादरीवर वाहून जाणार. जेल जागेवर टिकतं. ठेव ती बाजूला.

औषधदुकान: एक भर घालतो. ताप आला, भोवतालची कातडी लाल-गरम होऊन लाली पसरायला लागली, तर जेलवर थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. ते इन्फेक्शन जिवंत मांसात शिरलेलं असतं. तिथे रक्त पोचतं, म्हणून औषध पोटातून किंवा शिरेतूनच द्यावं लागतं. तेही एकटं मेट्रोनिडॅझोल नाही. कातडीवरच्या स्टॅफ नावाच्या जंतूंवर ते चालतच नाही.