गाडी सेल्फ घेत नाही तेव्हा तुम्ही घरी काय तपासता?

पावसाळा लागला की आमच्या सोसायटीत रोज सकाळी कुणाची तरी गाडी अडते, आणि बहुतेक जण सरळ नवी बॅटरी आणतात. मला ते पटत नाही. किल्ली फिरवल्यावर गाडी कसा आवाज करते, तिथूनच शोध सुरू व्हायला हवा. वायरमनला बोलावण्याआधी तुम्ही काय पाहिलंत, दोष कुठे निघाला, जरूर लिहा.

रत्नागिरीहून
नुसतं टक-टक-टक, दिवे मंद. बोनेट उघडलं तर टर्मिनलवर हिरवट-पांढरी पूड. आधी काळी वायर सोडवली, मग लाल. खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात ब्रश बुडवून घासलं, कोरडं केलं. जोडताना लाल आधी, काळी शेवटी, वर व्हॅसलिन. तीच बॅटरी अजून चालतेय. खाऱ्या हवेत हे अधूनमधून करावंच लागतं.

नागपूरहून
आमच्याकडे उलट: दिवे लख्ख आणि एकच 'टक्'. बॅटरी चांगली होती, स्टार्टरचे, म्हणजे सेल्फच्या मोटरचे, करंट पोचवणारे कार्बन झिजले होते.

पुण्याहून
गाडी दोन दिवस उभी राहिली की बॅटरी उतरायची. मल्टिमीटर लावला. भरलेली बॅटरी इंजिन बंद असताना 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवते, इंजिन चालू असताना साधारण 13.8 ते 14.5. माझ्याकडे चालू गाडीत 14.2 आले, म्हणजे अल्टरनेटर (चालत्या इंजिनावर बॅटरी भरणारा) ठीक. मग उभ्या गाडीत करंट खातंय कोण? काळी वायर सोडवून ती आणि बॅटरी यांच्या मध्ये मीटर 10 अँपिअरच्या सॉकेटवर जोडला, दारं लावून अर्धा तास थांबलो. साधारण 50 मिलिअँपिअरच्या आत असावं, इथे कितीतरी जास्त. एकेक फ्यूज काढत गेलो; नंतर बसवून घेतलेल्या कॅमेऱ्याचा फ्यूज काढताच आकडा खाली आला. मीटर असा जोडलेला असताना सेल्फ मात्र अजिबात मारू नका, तो शेकडो अँपिअर खेचतो.

टोरांटोहून
इथल्या कडाक्याच्या थंडीत बॅटरीची ताकद निम्म्यावर येते, त्यामुळे दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून सेल्फ मारायची जंपर केबल डिकीत कायम असते. काळ्या केबलचं शेवटचं टोक उतरलेल्या बॅटरीला लावू नका. त्याच बंद गाडीच्या इंजिनच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब लावा. बॅटरीतून हायड्रोजन निघतो, ठिणगी तिथे नको.

नाशिकहून
सेल्फ जोरात फिरायचा, पण इंजिन पकडत नव्हतं. उंदराने फ्युएल पंपाची वायर कुरतडली होती. किल्ली ऑन केल्यावर मागून येणारी पंपाची बारीक घरघर येत नव्हती, त्यावरूनच सापडलं.