मदत हवी आहे: निम्म्या बुक व्हॅल्यूला मिळणारी बँक अ‍ॅव्हरेज करावी का? आणि सरकारी ऊर्जा शेअर किती ठेवावेत?

कोरडवाहू:
नमस्कार मंडळी. पोर्टफोलिओ ढोबळ भावाने देतो.

कोल इंडिया १,००० शेअर, भाव ३९० (खरेदी १९०)
ओएनजीसी १,२०० शेअर, भाव २४०
एनटीपीसी ४०० शेअर, भाव ३३५
एक खासगी बँक ८,००० शेअर, भाव २०
निफ्टी इंडेक्स फंड साडेचार लाख

एकूण साधारण १४.२ लाख. टॅक्स स्लॅब ३० टक्के.

बँकेचं नाव मुद्दाम देत नाही, नाहीतर धागा नावावरच घसरेल. तिची खरेदी तीन टप्प्यांत आहे: ६२ ला २,०००, ३४ ला ३,००० आणि २४ ला ३,०००. सरासरी ३७.२५. पहिले दोन लॉट वर्षापेक्षा जुने, तिसरा चार महिन्यांचा.

ताज्या तिमाहीचे आकडे: कर्जं ३०,००० कोटी, ग्रॉस एनपीए (थकीत कर्जं, तरतूद वजा करण्याआधी) १२ टक्के, पीसीआर (त्यांपैकी तरतूद झालेला वाटा) ५० टक्के, रिस्ट्रक्चर्ड (फेडीच्या अटी सैल केलेली) आणि एसएमए-२ (६१ ते ९० दिवस थकलेली) कर्जं मिळून १,५०० कोटी, डीटीए (पुढच्या करात मिळायची सवलत, जी मालमत्ता म्हणून धरतात) ४०० कोटी, नेटवर्थ (भागधारकांचं भांडवल) ४,००० कोटी, एकूण शेअर १०० कोटी, सीईटी-१ (जोखमीनुसार मोजलेल्या मालमत्तेशी मूळ भांडवलाचं प्रमाण) १२ टक्के. म्हणजे बुक व्हॅल्यू (शेअरमागची नेटवर्थ) ४० आणि भाव २०.

प्रश्न तीन. आणखी ५,००० घेऊन सरासरी खाली आणावी का? ऊर्जा शेअर जास्त झालेत का? आणि बँक विकलीच तर नुकसान टॅक्समध्ये कसं वापरायचं?

ताळेबंद:
आकडे दिलेत ते बरं केलंत, नाहीतर असे धागे 'मला वाटतं'वरच चालतात.

०.५ पी/बी (भाव भागिले बुक व्हॅल्यू) मधला 'बी' आधी तपासू. ग्रॉस एनपीए ३,६०० कोटी, निम्म्याची तरतूद झालेली, म्हणजे नेट एनपीए १,८०० कोटी. नेट कर्जांच्या तुलनेत हे ६.४ टक्के होतात. रिझर्व्ह बँकेच्या पीसीएची (अडचणीतल्या बँकेवरच्या निर्बंधांची) पहिली पायरी ६ टक्क्यांना लागते, तेव्हा लाभांश विसरा. पीसीआर टेक्निकल राइट-ऑफ (पुस्तकातून काढलेली, पण वसुली चालू असलेली कर्जं) धरून दिलाय की वगळून, तेही बघा. कित्येक बँका प्रेझेंटेशनमध्ये धरूनचा मोठा आकडा छापतात. आपल्या हिशोबाला वगळूनचाच लागतो.

आता वजाबाकी. नेट एनपीए १,८०० बुडाले धरा. १,५०० कोटींच्या तणावातल्या कर्जांपैकी निम्मी घसरली आणि त्यांवर निम्मी तरतूद लागली तर आणखी ३७५. डीटीए ४०० कोटी, ज्याचा उपयोग नफा झाला तरच. ४,००० मधून हे सगळं गेलं की उरतात १,४२५ कोटी. शेअरमागे १४.२५ रुपये. म्हणजे २० रुपयांना तुम्ही पुस्तकी किमतीच्या १.४ पट मोजताय.

सीईटी-१ चं तसंच. साचलेल्या तोट्यावरचा डीटीए त्यातून आधीच वजा असतो, म्हणून ३,६०० कोटींवर १२ टक्के दिसतो. जोखीमभारित मालमत्ता साधारण ३०,००० कोटी. वरच्या वजाबाकीनंतर तो ४.७५ वर येतो. किमान लागतो बफर धरून ८. म्हणजे भांडवल उभारणं भाग आहे. २,००० कोटी उभारले तर ११.४ टक्क्यांवर पोचेल, पण कोणत्या भावाने? २० ला झाले तर शेअर २०० कोटी आणि बुक १७. तोवर भाव १० झाला तर शेअर ३०० कोटी आणि बुक ११.४. भांडवल येण्याआधी अ‍ॅव्हरेज करणारा या डायल्यूशनचा (नवे शेअर आल्याने हिस्सा पातळ होण्याचा) भार आपण होऊन उचलतो. माझं मत स्पष्ट आहे: एकही शेअर वाढवू नका.

तेजीवाला:
ताळेबंद, नेट एनपीए सगळा शून्य धरणं फारच कडक झालं. तारण असलेल्या कर्जांत काही ना काही वसूल होतंच. १,८०० पैकी ६०० परत आले तर उरलेली नेटवर्थ २,०२५, म्हणजे शेअरमागे २० च्या वर. भाव रास्त आहे, महाग नाही.

आणि येस बँकेचं काय? मार्च २०२० मध्ये सगळ्यांनी तिला मेलेलीच धरली होती. स्टेट बँक आली, बँक वाचली, २०२५ मध्ये जपानी एसएमबीसीने २१.५० ने हिस्सा घेतला. अशा वेळी विकणारेच फसतात.

ताळेबंद:
वसुलीचा मुद्दा मान्य, ६०० धरा हवं तर. पण मग 'निम्म्या किमतीत' हा दावाही सोडा. रास्त भावाच्या आजारी बँकेत जादा पैसे का घालायचे?

येस बँकेचं उदाहरण पूर्ण सांगू. २०१८ मध्ये भाव ४०० च्या घरात होता. त्याआधीच रिझर्व्ह बँकेच्या तपासणीत एनपीएचा फरक (बँकेने दाखवलेला आकडा आणि तपासणीतला आकडा यांतला) बाहेर आला होता: २०१५-१६ साठी ४,१७७ कोटी, २०१६-१७ साठी ६,३५५ कोटी. इशारा तिथेच छापलेला होता. ५ मार्च २०२० ला मोरेटोरियम (ठेवी काढण्यावर मर्यादा) लागलं, स्टेट बँक आणि इतरांना शेअर १० रुपयांनी मिळाले, आणि १०० पेक्षा जास्त शेअर असलेल्या जुन्या धारकांचे ७५ टक्के शेअर ३ वर्षांसाठी गोठले. ८,४१५ कोटींचे एटी-१ बाँड (बँक अडचणीत आली की बुडू शकणारे रोखे) शून्य केले गेले (त्याची कोर्टकचेरी वेगळी). जुलै २०२० च्या एफपीओत (बँकेच्या नव्या शेअरविक्रीत) ज्याने १२ ला घेतला, त्याला २१.५० हा भाव पाच वर्षांनी दिसला. वर्षाला १२ टक्क्यांच्या आसपास. तेवढ्यात निफ्टी दुपटीच्या पुढे गेला. आणि ही सुटका झालेल्या बँकेची गोष्ट, बरं का.

लक्ष्मी विलास बँकेत नोव्हेंबर २०२० मध्ये मोरेटोरियम ते डीबीएस बँकेतलं विलीनीकरण दहा दिवसांत आटोपलं. ठेवीदारांचा रुपयाही बुडाला नाही, भागधारकांचं भांडवल मात्र पूर्ण राइट-ऑफ. डीएचएफएल ही गृहकर्ज कंपनी पिरामल समूहाकडे गेली तेव्हाही भागधारकाला शून्य, रिलायन्स कॅपिटल या वित्त कंपनीतही शून्य. 'रिझर्व्ह बँक बँक बुडू देत नाही' हे मोठ्या व्यापारी बँकांच्या ठेवीदारासाठी आजवर बहुतेक खरं ठरलंय. शेअरवाला रांगेत शेवटचा असतो.

वणीकर:
दुसऱ्या प्रश्नावर येतो. तुमचे तीन ऊर्जा शेअर मिळून ८.१२ लाख होतात, पोर्टफोलिओच्या ५७ टक्के. शिवाय तिन्ही निफ्टीतही आहेत, म्हणजे इंडेक्स फंडातून थोडे आणखी. नावं तीन असली तरी मालक एकच आहे, भारत सरकार. भाव, कर आणि लाभांश या तिन्हींत त्याचा हात असतो.

कोल इंडियाचा बराचसा कोळसा वीज कंपन्यांना एफएसएखाली (दीर्घ मुदतीच्या पुरवठा कराराखाली) ठरलेल्या भावाने जातो. ई-लिलावात प्रीमियम मिळतो, पण तो आयात कोळशाच्या भावाबरोबर वरखाली होतो. २०१८ नंतर एफएसएचा भाव ठळक वाढला तो थेट ३१ मे २०२३ ला, तोही वरच्या प्रतींवर ८ टक्के. मधल्या काळात डिझेल वाढलं, आणि त्याच वर्षी पगारकरारात १९ टक्के वाढ झाली. लिलावाचा प्रीमियम चढा असतो त्या वर्षी पी/ई (भाव भागिले शेअरमागचा नफा) सर्वांत कमी दिसतो, आणि नेमका तेव्हाच शेअर 'स्वस्त' वाटतो. पी/ई काढायचाच असेल तर पाच वर्षांच्या सरासरी नफ्यावर काढा.

लाभांश २०२४-२५ साठी २६.५० रुपये होता. ३९० वर ६.८ टक्के. तुमच्या स्लॅबला सेस धरून ३१.२ टक्के कर गेला की हातात १८.२३ रुपये, म्हणजे ४.७ टक्के. १९० च्या खरेदीवर यील्ड (लाभांशाची टक्केवारी) काढून खूश होऊ नका. आज विकून दुसरीकडे जे मिळेल त्याच्याशी तुलना करायची ती ३९० वरूनच.

ओएनजीसीचं दुखणं वेगळं. क्रूड वर गेलं की फायदा पूर्ण मिळेलच असं नाही. १ जुलै २०२२ ला क्रूडवर टनामागे २३,२५० रुपयांचा विंडफॉल कर (भाववाढीमुळे अचानक वाढलेल्या नफ्यावरचा) लागला, तो २ डिसेंबर २०२४ ला उठला. जुन्या क्षेत्रांतल्या गॅसचा भाव एप्रिल २०२३ पासून क्रूडच्या १० टक्के, पण वर ६.५० डॉलरचं झाकण, जे २०२५ पासून वर्षाला पाव डॉलरने सरकतं. नव्या विहिरींच्या गॅसला जास्त भाव मिळतो, म्हणून तिमाहीत त्याचा वाटा किती वाढला एवढं बघत जा. आणि रोकड कुठे जाते तेही. २०१८ मध्ये सरकारचा एचपीसीएल या तेल कंपनीतला ५१.११ टक्के हिस्सा ३६,९१५ कोटींना ओएनजीसीने विकत घेतला. सरकारची निर्गुंतवणूक झाली, कर्ज ओएनजीसीच्या डोक्यावर.

एनटीपीसी मला या तिघांत सरळ वाटतो. प्लांट उपलब्ध ठेवला तर इक्विटीवर १५.५ टक्के परतावा नियामकाने ठरवलेला, कोळशाचा खर्च दरातून वसूल. मी असतो तर कोल इंडिया आणि ओएनजीसी मिळून २५ टक्क्यांच्या आत आणले असते, एनटीपीसीला हात लावला नसता.

चक्रवाढ:
टॅक्सचं. तुमची ३७.२५ ची सरासरी टॅक्सला चालत नाही. डीमॅटमध्ये फिफो लागतो, जुना लॉट आधी विकला जातो. निम्मे म्हणजे ४,००० विकलेत तर ६२ चे २,००० आणि ३४ चे २,००० गेले. खर्च १,९२,०००, आले ८०,०००, नुकसान १,१२,०००. सरासरीने ते ६९,००० दिसलं असतं. उरलेल्या ४,००० ची सरासरी २६.५० राहते.

हे सगळं दीर्घकालीन नुकसान, ते फक्त दीर्घकालीन नफ्यातून वजा होतं. सव्वा लाखाची सूट त्यानंतर लागते, इथे बरेच जण घसरतात. कोल इंडियाचे ५०० विकलेत तर नफा एक लाख, तो तसाही सुटीत बसतो. पण नुकसान त्याला आधी खाणार आणि पुढे न्यायला फक्त १२,००० उरणार. सगळे १,००० विकलेत तर नफा दोन लाख, वजा १,१२,०००, उरले ८८,०००, कर शून्य. नुकसान नसतं तर ७५,००० वर १२.५ टक्के आणि सेस, म्हणजे ९,७५० गेले असते.

उरलेलं नुकसान ८ वर्षं पुढे नेता येतं, पण रिटर्न मुदतीत भरलं तरच. व्यवहार चालू असतानाच विका. शेअर राइट-ऑफ झाल्यावर विक्रीच होत नाही, मग नुकसान दाखवण्यावर वाद होतो.

कोरडवाहू:
ताळेबंद, वणीकर, चक्रवाढ, मनापासून आभार. अ‍ॅव्हरेज रद्द. बँकेचे ४,००० याच वर्षी विकतो, उरलेल्यांचं भांडवल उभारणीनंतर बघू. कोल इंडियाचे सगळे १,००० की थोडे, ते ठरवायचंय. विकताना आणखी काय सांभाळायचं?

ताळेबंद:
ऑर्डर लिमिटच (आपण ठरवलेल्या भावाची) टाका, ४,००० एकदम नको, तीन-चार तुकडे करा. शेअर एएसएममध्ये (एक्स्चेंजच्या जादा देखरेखीच्या यादीत) असेल तर सर्किट (दिवसातल्या चढउताराची मर्यादा) ५ टक्क्यांचं असू शकतं. खालच्या सर्किटला बसला की विक्रेत्यांची रांग लागते, त्यामुळे बरी बातमी आलेल्या दिवशी विकणं सोपं जातं. विकलेले त्याच दिवशी परत घेऊ नका, ते इंट्राडे धरलं जाईल.

उरलेल्या ४,००० साठी: बऱ्याच बँका तिमाही संपल्यावर पहिल्या आठवड्यातच ठेवी आणि कर्जांचे तात्पुरते आकडे एक्स्चेंजला देतात. ठेवी आधीच्या तिमाहीपेक्षा घटल्या आणि कासाही (चालू-बचत खात्यांतल्या ठेवींचा वाटा) घटला, तर निकालाची वाट न बघता तेही काढा.