दोन सेंटिमीटरचा फुगा (विश्रामबाग, सांगली : आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरून)

सेक्रेटरी: उद्या सकाळी ७ ते ९ वरची टाकी धुणार आहेत. पाणी आजच भरून ठेवा. आणि गेटसमोर पांढरी गाडी कुणी लावलीय?

ए-२०२ ताई: एक विचारायचं होतं. विषय सोसायटीचा नाही, राग मानू नका. माझी धाकटी बहीण तासगावला दिलीय, वय ३१. पित्ताचे खडे आहेत का बघायला सोनोग्राफी केली. खडे नाहीत, पण पानथरीकडं (प्लीहेकडं) जाणाऱ्या नसेला फुगा निघाला. मग सीटी अँजिओ केली. रिपोर्टात ‘स्प्लेनिक आर्टरी ॲन्युरिझम, २.२ सें.मी.’ असं आलंय. एक डॉक्टर म्हणाले ३ च्या खाली आहे, वर्षानं परत बघू. दुसरे म्हणाले दुसऱ्या बाळाचा विचार असेल तर आधी हे मिटवून घ्या. ऐकायचं कुणाचं? कुणाच्या घरी असं काही झालंय का?

ए-३०३ काकू: अगं बाई! दुखतंय का तिला?

ए-२०२ ताई: काही नाही हो काकू. रविवारी माझ्याबरोबर गणपतीला चालत आली. तेच तर कळत नाही, धडधाकट पोरीचं पोट कशाला उघडायचं.

सी-२०५: २ म्हणजे लहानच की. माझ्या मामांना पोटातल्या मोठ्या नसेला ४.१ आहे. त्यांना ऑपरेशन नको म्हणालेत. वर्षाला सोनोग्राफी, बीपीची गोळी आणि बिडी बंद, बास.

सी-१०१ नाना: माझ्या गुडघ्यामागं २.६ होता. पंधरवड्यात कापला.

सी-२०५: म्हणजे ४.१ ला थांबायचं आणि २.६ ला कापायचं? हे उलटंच झालं की नाना.

ए-३०३ काकू: (फॉरवर्ड केलेला) नसांतले सगळे ब्लॉकेज एकवीस दिवसांत मोकळे. लसूण, आलं, लिंबाचा रस आणि मध समप्रमाणात घेऊन…

बी-३०१ डॉक्टर मॅडम: काकू, ते लसूण-मध काही नको. तो मेसेज ब्लॉकेजचा आहे, आणि त्यालाही काही आधार नाही. इथं नस तुंबलेली नाही, फुगलीय. ताई, आत्ता ऑपरेशन थिएटरमध्ये आहे, संध्याकाळी सविस्तर लिहिते. एवढंच बघा, निकाल लागेपर्यंत तिला दिवस जाऊ देऊ नका.

सेक्रेटरी: सदस्यांना विनंती, हा ग्रुप फक्त सोसायटीच्या कामासाठी आहे.

ए-३०३ काकू: पार्किंगवरून रात्री बारापर्यंत भांडता तेव्हा कुठं जातो हा नियम?

(संध्याकाळी)

बी-३०१ डॉक्टर मॅडम: आता बसले. आधी सांगते, मी भूलतज्ज्ञ. चाकू माझ्या हातात नसतो, मी पडद्याच्या डोक्याकडच्या बाजूला. निर्णय रक्तवाहिन्यांचे सर्जन घेतील.

तिघांचे आकडे एका फूटपट्टीवर ठेवू नका. मामांची ती महाधमनी. ती मुळातच दोन सें.मी.च्या आसपास रुंद असते. ३ झाली की फुगा म्हणायचं, आणि पुरुषांत साधारण ५.५, बायकांत ५ होईपर्यंत लक्ष ठेवून थांबतात, कारण तोवर ऑपरेशनचा धोका फुटण्याच्या धोक्यापेक्षा मोठा असतो. पानथरीची नस असते अर्ध्या सें.मी.च्या आसपास. तिथं २.२ म्हणजे चौपट. तरी एरवी त्रास नसेल तर तिथंही ३ पर्यंत थांबतात, म्हणजे पहिले डॉक्टर काही वावगं बोलले नाहीत. पण मूल व्हायच्या वयातल्या बाईला ही सवलत नाही. तिच्यात फुगा कितीही लहान असला तरी मिटवा असंच सांगतात. त्यामुळं माझं मत दुसऱ्या डॉक्टरांच्या बाजूनं.

ए-२०२ ताई: पण का? गरोदरपणात असं काय होतं?

बी-३०१ डॉक्टर मॅडम: अंगातलं रक्त जवळजवळ दीडपट होतं आणि हार्मोन्समुळं नसांच्या भिंती सैल पडतात. पोटातल्या अवयवांच्या नसांना जे फुगे येतात त्यांत हाच सगळ्यांत जास्त सापडतो. पुरुषांपेक्षा बायकांत जास्त, आणि ज्यांची बाळंतपणं जास्त झालीत त्यांच्यात आणखी. गरोदरपणात फुटला, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, तर आई आणि बाळ दोघंही हाती लागणं फार अवघड.

ओळखूही येत नाही लवकर. पोटात डावीकडं वर कळ, डावा खांदा दुखतो, घेरी येते. गर्भाशयातली वार सुटली असं समजून सिझेरियनला घेतात आणि पोट उघडल्यावर रक्त वेगळीकडूनच येताना दिसतं. शिकत असताना अशी एक केस मी पाहिलीय. त्यात आणखी एक फसवा प्रकार असतो. पहिलं रक्त जठरामागच्या पोकळीत साठतं, तिथं थोडा वेळ दाबून राहतं, बाई सावरल्यासारखी वाटते, बोलते, पाणी मागते. आणि मग तो बांध फुटतो. मी पाहिलेल्या त्या बाईला आम्ही चार माणसं दोन्ही हातांतून रक्ताच्या पिशव्या पिळून चढवत होतो.

ए-३०३ काकू: ती वाचली का?

बी-३०१ डॉक्टर मॅडम: ती वाचली. बाळ नाही.

ए-२०२ ताई: मॅडम, हे मी बहिणीला नाही दाखवत. दाजींना दाखवते. ते म्हणतायत द्राक्षाची छाटणी उरकली की बघू.

बी-३०१ डॉक्टर मॅडम: छाटणीपुरते थांबलेत तर चालेल, आज रात्री पळवायची केस नाही ही. पण छाटणीनंतर डिपिंग, मग फवारणी, मग माल, असं होऊ देऊ नका. आणि मध्ये पोटात कळ किंवा चक्कर आली तर गॅसची गोळी देऊन वाट बघायची नाही. थेट मोठ्या दवाखान्यात, आणि दारातच सांगायचं की पानथरीच्या नसेला फुगा आहे.

सी-२०५: मग नानांचं २.६ ला का कापलं? नानांना काय बाळ होणार होतं?

सी-१०१ नाना: गप बस लेका. ऐक आता. उभी हयात एसटीच्या स्टेअरिंगवर काढली. रिटायर झाल्यावर चालताना पोटरीत गोळे यायला लागले. गुडघ्यामागं हात ठेवला की टकटक लागायची. मला वाटलं नस आखडलीय. एकाकडं जाऊन तेल लावून चोळून घेतलं, चांगलं अर्धा तास. रात्री अंगठा निळा पडला आणि पाऊल गार. पोरानं मिरजेला नेलं तसं डॉप्लर (नसांची सोनोग्राफी) केलं, म्हणाले आतली गुठळी सटकून खाली गेलीय, आणखी उशीर केला असता तर पाय गेला असता. आधी औषधानं गुठळी विरघळवली, मग ऑपरेशन.

बी-३०१ डॉक्टर मॅडम: नानांनी मुद्द्याचं सांगितलं. गुडघ्यामागचा फुगा सहसा फुटत नाही. तो आत गुठळ्या धरतो आणि खाली सोडतो. म्हणून तिथं २ सें.मी.लाच हात घालतात, आत गुठळी दिसली तर त्याहून आधीसुद्धा. धडधडणारी गाठ कुठंही असो, मानेत, जांघेत, गुडघ्यामागं, ती चोळायची नाही आणि गळू समजून कुणाकडून फोडून तर मुळीच घ्यायची नाही. आणि एका गुडघ्यात सापडला की निम्म्याअधिक लोकांत दुसऱ्यातही असतो, पोटातही असू शकतो. नाना, तुमचं पोट बघितलं होतं ना?

सी-१०१ नाना: बघितलं. दुसरा गुडघा चांगला. पोटात ३.४ निघाला. त्याला नुसतं बघत बसायचंय म्हणे.

सी-२०५: म्हणजे एकाच माणसात २.६ कापला आणि ३.४ ठेवला! बरं, आता कळलं.

बी-१०४ सर: नाना, तुम्हाला एक थोर पूर्वज आहे. १७८५ साली लंडनमध्ये जॉन हंटर नावाच्या सर्जननं याच गुडघ्यामागच्या फुग्याचं गाजलेलं ऑपरेशन केलं. त्या काळी पाय मांडीतून कापायची पद्धत. हंटरनं फुग्याला हातच लावला नाही, वर मांडीत निरोगी जागी नस बांधली. आजूबाजूच्या बारीक नसांनी रक्त पोचवलं आणि पाय वाचला. रोगी कोण होता माहीत आहे? घोडागाडीवान.

सी-१०१ नाना: म्हणजे ड्रायव्हरच. बघा.

सी-२०५: नाना, तुमची पण नस नुसती बांधली का?

सी-१०१ नाना: नाही. मांडीतली शीर काढली आणि उलटी करून जोडली. घोट्यापासनं जांघेपर्यंत टाके, कोंबडी शिवल्यासारखा दिसत होतो.

सी-२०५: उलटी कशाला?

बी-३०१ डॉक्टर मॅडम: शिरेत झडपा असतात, त्या रक्त हृदयाकडंच जाऊ देतात. पायाच्या धमनीत रक्त खाली जायला हवं, म्हणून वरचं टोक खाली घेतात. किंवा मग आतल्या झडपा कापतात. स्टेंट टाकता येतो, पण गुडघा दिवसभर वाकतो. मांडी घालून जेवणाऱ्या माणसात तो मोडायची, तुंबायची भीती जास्त. चांगली शीर मिळत असेल आणि माणूस ऑपरेशन सोसणारा असेल तर बरेच सर्जन अजून शीरच पसंत करतात. नवीन ते सगळं बरं असं या कामात नाही.

ए-२०२ ताई: मग बहिणीला काय बरं? दुसरे डॉक्टर कॉइल म्हणत होते, पोट उघडायला नको म्हणे.

बी-३०१ डॉक्टर मॅडम: फुगा नसेच्या मधल्या भागात असेल तर कॉइल छान. जांघेतून किंवा मनगटातून बारीक नळी नेऊन धातूच्या तारेची वेटोळी भरतात. फक्त अलीकडंच भरून चालत नाही, पलीकडंही भरावी लागतात, नाहीतर रक्त मागच्या दारानं परत येतं. पानथरी मरत नाही, कारण जठराकडून छोट्या नसा तिला रक्त देत राहतात. त्याच कारणानं मधल्या भागात सर्जन दोन्हीकडून नस बांधूनही मोकळे होतात. आतून अस्तर लावलेला स्टेंटही असतो, पण ही नस इतकी नागमोडी की तो पुढं सरकतच नाही बऱ्याचदा.

खरी अडचण पानथरीच्या दाराशी. तिथं नस फांद्यांत फुटते. फुगा त्या फाट्यावरच असेल तर कॉइलनं पानथरीचा तुकडा वाळतो, मग ताप, डाव्या बरगडीखाली दुखणं, कधी पू. म्हणून रिपोर्टचा कागद नको, सीटीची सीडी न्या. आणि सर्जन व नळीवाले रेडिओलॉजिस्ट दोघांनी एकत्र बसून बघितलंय का, हे विचारा. एकट्यानं सांगितलं की ज्याला जे येतं तेच तो सांगतो. हे माझं वैयक्तिक मत, स्क्रीनशॉट फिरवू नका.

बी-१०४ सर: आइनस्टाईनलाही पोटातल्या महाधमनीचा फुगा होता. १९४८ साली निसेन नावाच्या सर्जननं पोट उघडून त्याच्याभोवती सेलोफेन गुंडाळलं. फुगा कापून त्या जागी नस बसवायचं तंत्र तेव्हा हाताशी नव्हतं, ते पॅरिसमध्ये दुबोस्तनं १९५१ ला करून दाखवलं. आइनस्टाईनचा फुगा १९५५ ला फुटला तेव्हा ऑपरेशन शक्य होतं, पण तो नको म्हणाला.

ए-३०३ काकू: सेलोफेन म्हणजे ते फुलांच्या बुकेला गुंडाळतात ते? त्यावर सहा-सात वर्षं काढली?

बी-३०१ डॉक्टर मॅडम: तेच काकू. भिंतीला चिडवायचं, म्हणजे आजूबाजूला जाड वण धरतो आणि फुगा आवळला जातो, असा तो हिशेब होता.

ए-२०२ ताई: खर्चाचं कसं? केशरी कार्ड आहे त्यांचं.

बी-१०४ सर: जनआरोग्य योजनेत बसतं का ते दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला विचारा, तोंडी नको. कॉइलचे पैसे वेगळे लावणार का, हे आधीच लिहून घ्या.

(पुढच्या सोमवारी)

ए-२०२ ताई: पुण्याला जाऊन आलो. दोघेही डॉक्टर एकत्र बसले, मॅडमनी सांगितलं तसं विचारलं म्हणून. स्क्रीनवर नस फिरवून दाखवली. फुगा अगदी फाट्यावर आहे, दोन फांद्या त्याच्यातूनच निघतात. कॉइल करता येईल, पण निम्मी पानथरी वाळेल आणि नंतर तपासण्या करत राहावं लागेल म्हणाले. दुसरा मार्ग म्हणजे दुर्बिणीतून ऑपरेशन, फुगा काढायचा. पानथरी वाचली तर वाचली, नाहीतर तीही काढायची. बहीण म्हणाली एकदाच काय ते होऊ दे. दाजी गप्प होते, पण तारीख घेतली. छाटणी दीर बघतो म्हणाला.

ए-३०३ काकू: पानथरीशिवाय माणूस राहतो का गं?

बी-३०१ डॉक्टर मॅडम: राहतो, चांगला राहतो. पण काही जंतूंशी लढायला तीच लागते. ताई, न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस आणि हिब या लसी ऑपरेशनच्या निदान दोन आठवडे आधी झाल्या पाहिजेत. तारीख बघून आजच फोन करा. आणि काढलीच तर पुढं आयुष्यभर, थंडी वाजून ताप आला की घरी पॅरासिटामॉल घेऊन झोपायचं नाही, त्याच तासाला डॉक्टर. मला फोटो न बघता कॉइल बरी वाटत होती. पण फाट्यावर असेल तर तिनं निवडलं ते मला पटतं.

ए-२०२ ताई: रक्त दोन पिशव्या तयार ठेवा म्हणालेत. ओ पॉझिटिव्ह.

सी-२०५: मी आहे. पुण्याला येतो, गाडीपण काढतो.

सेक्रेटरी: मीपण ओ पॉझिटिव्ह. माझं नाव लिहा.

सी-१०१ नाना: मॅडम, एक विचारायचं राहिलं. हे पोटातलं माझ्या पोराला पण होतं का?

बी-३०१ डॉक्टर मॅडम: बापाला असेल तर मुलाला शक्यता जास्त, म्हणून पन्नाशीनंतर एकदा पोटाची सोनोग्राफी करून घ्यावी. वय काय त्याचं? सिगारेट ओढतो का? वयाच्या खालोखाल मोठं कारण तेच.

सी-१०१ नाना: वय ४४. सिगारेटचं तुम्हीच विचारा, तो ग्रुपवर आहे.

सी-१०१ नानांचा मुलगा: हा मेसेज डिलीट करण्यात आला आहे.

सी-१०१ नाना: मी वाचला.