राजीनाम्यात कारण काय लिहिले होते?

केळीबाग (यावल)

फळपीक विम्याच्या जुन्या पावत्या शोधताना गेल्या आठवड्यात लोखंडी कपाटाच्या तळाशी एक कार्बन-प्रत हाती लागली. अक्षरे फिकट झाली आहेत, पण मजकूर वाचता येतो : 'प्रकृती साथ देत नसल्याने तालुका सरचिटणीसपदाचा व पक्षाच्या प्राथमिक सदस्यत्वाचा राजीनामा देत आहे.' खाली माझी सही आहे. त्या दिवसांत मी रात्रपाळीच्या विजेवर बागेला पाणी भरून सकाळी मोटारसायकलने तालुक्याला जात होतो. माझ्या प्रकृतीला काहीही झाले नव्हते.

झाले होते ते असे. अठरा वर्षांपूर्वी मे महिन्यात आमच्याकडे वादळ झाले आणि कापणीला आलेल्या बागा अर्ध्या तासात आडव्या झाल्या. केळीचा खांब मोडला की तो पुन्हा उभा राहत नाही; घड जमिनीवर पडला की व्यापारी त्याच्याकडे वळूनही पाहत नाही. पंचनामे सुरू झाले, तेव्हा नुकसानग्रस्तांची यादी पक्षाच्या वतीने तहसीलला द्यायची असे ठरले. मी ती घरोघर फिरून तयार केली. आमच्या वरिष्ठांनी ती वाचली, लाल पेन घेतले आणि नदीपलीकडच्या वस्तीतील १९ नावांवर एकेक रेघ मारली. त्या वस्तीच्या बूथवर आम्हाला मते पडली नव्हती. "यादी स्वच्छ लिहून आण," एवढेच ते म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि हेच मला आजही अधिक लागते.

मी यादी पुन्हा लिहिली, पण ती १९ नावे सर्वांत वर लिहिली आणि वरिष्ठांकडे न जाता थेट तहसीलमध्ये देऊन आलो. दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला. बावीस वर्षे ज्या पक्षाच्या सतरंज्या उचलल्या, तो सोडण्याचे खरे कारण मात्र मी लिहिले नाही. धाकटा भाऊ विकास सोसायटीच्या संचालक मंडळात होता, मुलीचे लग्न ठरत होते, आणि होणारे व्याही त्याच पक्षातले होते. मी भ्यालो. पुढे पुन्हा पंचनामे होऊन त्या १९ पैकी ११ जणांना मदत मिळाली आणि आठ जणांना मिळाली नाही.

आपल्या खान्देशात असे मनाला न पटल्यामुळे पक्ष सोडलेले लोक कमी नाहीत. आपण स्वतः सोडला असेल किंवा घरातील कोणी सोडला असेल, तर कृपया या धाग्यावर सविस्तर लिहावे. पक्षाचे आणि व्यक्तीचे नाव नको. कागदावर कारण काय लिहिले आणि खरे कारण काय होते, एवढे मात्र अवश्य लिहावे.

बोरीकाठ (अमळनेर)

भाऊ, तुमच्या उलट उदाहरण आमच्या घरात आहे. माझ्या आजोबांनी चार पानी राजीनामा लिहिला होता आणि त्यात सगळीच कारणे होती.

डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन झाले. खेडेगावात भरलेले ते पहिले अधिवेशन. जवाहरलाल नेहरू अध्यक्ष होते आणि नंदलाल बोस यांनी बांबूसारख्या साध्या गावठी साहित्यातून सारी सजावट उभी केली होती. आजोबा तेव्हा एकोणीस वर्षांचे होते आणि स्वयंसेवक म्हणून पाण्याची व्यवस्था पाहत होते. शेतकरी अधिवेशनाला पाहुणा म्हणून नव्हे तर यजमान म्हणून आला, हे त्यांच्या मनावर जन्मभर कोरले गेले. आमच्या गावी प्रताप हायस्कुलात साने गुरुजींनी शिकवले, त्यामुळे समाजवादाची ओढ त्या पिढीला घरबसल्या लागली होती. मार्च १९४८ मध्ये नाशिकच्या अधिवेशनात समाजवाद्यांनी काँग्रेसमधून बाहेर पडण्याचा निर्णय घेतला, तेव्हा आजोबाही बाहेर पडले.

त्यांचे थोरले बंधू काँग्रेसमध्येच राहिले. स्वातंत्र्याला वर्षही झाले नाही आणि तुम्ही घर फोडता, असे त्यांचे म्हणणे होते. सत्ता हाती आल्यावर कुळाला विसरलात, असे आजोबांचे. दोघेही तुरुंगात गेलेले होते आणि दोघेही खरे बोलत होते, म्हणून ते भांडण मिटण्यासारखे नव्हते. पणजीने एकाच गोष्टीचा आग्रह धरला. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) दिवशी ती ओट्यावर उभी राहून दोघांना हाक मारी : "दोन्ही जेवाले या, झेंडा बाहेर ऱ्हाऊ द्या." ती असेपर्यंत आखाजीची पंगत एकत्र बसली. दोघे भाऊ शेजारी बसून न बोलता पुरणाची पोळी आणि आमरस जेवत असत, असे वडील सांगत.

एवढे लिहूनही मला एक सांगावेसे वाटते. आजोबांना कारण लिहिता आले, कारण त्यांच्याबरोबर शेकडो माणसे बाहेर पडत होती. तुम्ही एकटे होतात.

गिरणाकाठ (भडगाव)

राजीनामा माझ्या यजमानांनी दिला. मी त्या घरात होते.

त्यांनी मला आधी सांगितले नाही. सकाळी दूधवाल्याने विचारले, "वहिनी, साहेबांनी पक्ष सोडला का?" तेव्हा मला कळले. आमच्याकडे तोवर रोज दोन लिटर दूध लागत असे, कारण दिवसभरात तीस-चाळीस माणसे चहा पिऊन जात. पुढच्या महिन्यात अर्धा लिटर पुरू लागले. अंगणातल्या प्लास्टिकच्या खुर्च्या एकात एक घालून भिंतीशी लावल्या, त्या तशाच राहिल्या आणि त्यांच्यावर पाचटाची धूळ बसली. ज्यांच्या बाळंतपणाला मी रात्री-बेरात्री धावले, त्या बायका बाजारात मान वळवून पुढे जात.

कागदावर कारण 'कौटुंबिक' असे लिहिले होते. कुटुंबात तसे काही नव्हते. एका आश्रमशाळेतील मुलींच्या तक्रारीवर पक्षाने पांघरूण घालायचे ठरवले होते, आणि त्यांना ते सहन झाले नाही. माझा राग एवढाच आहे की त्यांनी माझ्या संसाराचे नाव त्या कागदावर वापरले. केळीबाग भाऊ, तुम्ही निदान स्वतःच्या प्रकृतीवर घेतले.

पाटणादेवी (चाळीसगाव)

ताई, तुमचे शेवटचे वाक्य वाचून बराच वेळ काही लिहवेना.

पांझराकाठ (धुळे जिल्हा)

एका लहान नगरपालिकेत मी साडेतीन वर्षे नगरसेविका होते. ज्यांना वाटते की पटले नाही तर पक्ष सोडावा, त्यांना कायद्याची बाजू सांगणे आवश्यक आहे, कारण ती निवडून येईपर्यंत मलाही कोणी समजावून सांगितली नव्हती.

महाराष्ट्र स्थानिक प्राधिकरण सदस्य अनर्हता अधिनियम, १९८६ हा कायदा नगरपालिका, महानगरपालिका, जिल्हा परिषद आणि पंचायत समिती यांच्या सदस्यांना लागू आहे. पक्षाच्या चिन्हावर निवडून आलेल्या सदस्याने स्वेच्छेने पक्ष सोडला, किंवा पक्षादेशाविरुद्ध (व्हिपविरुद्ध) मतदान केले आणि पक्षाने ते माफ केले नाही, तर त्याचे सदस्यत्व जाते. ग्रामपंचायत पक्षचिन्हावर लढवली जात नाही, म्हणून सरपंच आज या गटात आणि उद्या त्या गटात दिसला तरी त्याला हा कायदा आडवा येत नाही. विधिमंडळासाठीचा पक्षांतरबंदी कायदा ५२ व्या घटनादुरुस्तीने १९८५ मध्ये आला. त्यात एक तृतीयांश सदस्य फुटले तर ती फूट मान्य होती. ती सवलत २००३ मध्ये ९१ व्या दुरुस्तीने काढली, पण दोन तृतीयांशांनी विलीनीकरण केले तर संरक्षण आजही आहे. म्हणजे घोळक्याने जाणाऱ्याला वाट आहे आणि एकट्याने विवेकाला स्मरून जाणाऱ्याला घर. कायदा आयाराम-गयाराम रोखण्यासाठी केला, हे मला मान्य आहे. तरीही ही त्याची उणीव मला अनुभवाने ठाऊक झाली आहे.

आमच्याकडे मागासवस्तीला लागून असलेल्या मैदानाचे आरक्षण बदलून तेथे गाळे काढण्याचा ठराव आला. सभेच्या आदल्या रात्री नऊ वाजता पक्षाची दोन माणसे पक्षादेश घेऊन आली. मी भाकरी थापत होते, हाताला पीठ होते, म्हणून हात धुऊन येते म्हटले. तोवर त्यांनी एक प्रत दाराला चिकटवली आणि तिचा मोबाइलवर फोटो काढला. ठरावाच्या बाजूने हात वर करा, असा आदेश होता. त्या मैदानावर माझा मुलगा सायकल शिकला होता.

मी सभेला गेले, विरोधात मतदान केले, कारण इतिवृत्तात नोंदवून घेतले, आणि अनर्हतेची नोटीस येण्याआधीच सदस्यत्वाचा व पक्षाचा असे दोन्ही राजीनामे दिले. कागदावर खरे कारण लिहिता आले ते केवळ इतिवृत्तामुळे, कारण तिथे ते आधीच लिहिले गेले होते आणि आता लपवण्यात अर्थ नव्हता. ठराव बहुमताने मंजूर झाला. गाळे आज उभे आहेत.

लळिंग (धुळे)

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९३७ मध्ये एका दाव्यासाठी धुळ्याला आले होते, तेव्हा ते लळिंगच्या कुरणातील लांडोर बंगल्यावर थांबले. दरवर्षी ३१ जुलैला आम्ही तेथे जातो. यंदा पावसात रांगेत उभे असताना हाच विषय निघाला होता.

बाबासाहेबांनी १९५१ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला, तो पक्षाचा राजीनामा नव्हता हे मान्य; ते काँग्रेसचे नव्हतेच. पण कारणाबद्दल बोलायचे तर ते उदाहरण डोळ्यांसमोर ठेवावे असे आहे. सभागृहात निवेदन करायला ते उभे राहिले, तेव्हा आधी प्रत दाखवा असे उपाध्यक्षांनी सांगितले. ते सभागृहातून बाहेर पडले आणि निवेदन वृत्तपत्रांना दिले. हिंदू कोड बिलाची वासलात, अनुसूचित जातींची उपेक्षा, परराष्ट्र धोरण अशी एकेक बाब त्यात क्रमाने मांडली आहे. 'प्रकृती' हा शब्द वापरण्याचा अधिकार तेव्हा त्यांच्याइतका कोणाला असेल? त्यांची प्रकृती खरोखरच ढासळली होती, आणि आपण त्या कारणाने जात नाही हे त्यांनी स्पष्ट केले.

पुढे १९५६ मध्ये चिंतामणराव देशमुखांनी मुंबईच्या प्रश्नावर अर्थमंत्रिपद सोडले, तेही कारण उघड सांगूनच.

माझे स्वतःचे थोडक्यात सांगतो. मी शहर शाखेत होतो, स्मारकासाठी गोळा केलेल्या वर्गणीचा हिशेब मागितला, तो मिळाला नाही, आणि मी बाहेर पडलो. कारण लिहिले होते. त्या पत्राचे उत्तर अजून आलेले नाही.

सातपुडा (तळोदा)

आमच्या घरी राजीनाम्याचा कागदच नाही, कारण वडिलांना लिहिता येत नव्हते.

सरदार सरोवरात महाराष्ट्राची ३३ गावे बुडीत क्षेत्रात आली. सगळी अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली. मणिबेली त्यातले पहिले. आमचे गाव नर्मदेच्या काठावर होते आणि वडील पक्षाचे जुने कार्यकर्ते होते. निवडणुकीत डोंगरातल्या पाड्यांवर चालत जाऊन मते मागणारा आणि डोंगरात ज्याच्या शब्दावर लोक विश्वास ठेवतात, असा माणूस पक्षाला हवा होता. मग त्याच माणसाला सांगण्यात आले की, लोकांना समजावा, जमीन पाहण्याआधी संमतीचे अंगठे घ्या. वडिलांनी विचारले, जमीन कुठे आहे ती आधी मला दाखवा. ती दाखवली गेली नाही.

त्यांच्याकडे सभासद नोंदणीची दोन पावतीपुस्तके होती. एक संपलेले आणि एक निम्मे. ते धडगावला चालत गेले, दोन्ही पुस्तके टेबलावर ठेवली, त्या पावत्यांवर जमा झालेले पैसे ठेवले, मोजून घ्या म्हणाले, आणि मोजून होईपर्यंत उभे राहिले. नंतर परत आले. मी तेव्हा आठ वर्षांचा होतो आणि त्यांच्याबरोबर होतो. परतताना वाटेत ते एकदाही थांबले नाहीत.

आज आम्ही तळोदा तालुक्यातील पुनर्वसन वसाहतीत राहतो. वडील गेले. त्यांनी ज्यांचे अंगठे घेतले नाहीत, त्यांपैकी अनेक जण आमच्याच वसाहतीत आहेत आणि आजही मला वडिलांचा मुलगा म्हणूनच ओळखतात.

पाटणादेवी (चाळीसगाव)

मी पक्ष सोडलेला नाही, तरीही लिहितो. राग मानू नये.

माझ्यावरही अशी वेळ दोनदा आली. दोन्ही वेळा मी पत्र लिहिले, खिशात ठेवले आणि बैठकीत जाऊन बोललो. पहिल्यांदा माझे ऐकले गेले. दुसऱ्यांदा ऐकले गेले नाही, आणि मी तरीही थांबलो. आपण निघून गेलो तर लाल पेन हातातून हिसकावणारा कोणीच आत उरणार नाही, असे मला तेव्हा वाटले आणि आजही वाटते. पण हे माझे प्रामाणिक मत आहे, की पंचवीस वर्षांच्या ओळखी तोडवत नाहीत म्हणून मनाने शोधलेली सोय आहे, याचा निवाडा मला अजून करता आलेला नाही. पांझराकाठ ताईंचे इतिवृत्ताचे वाचून एक गोष्ट मात्र ठरवली आहे. यापुढे बैठकीत तोंडी विरोध करून मी थांबणार नाही. तो लिहून घेतल्याशिवाय उठणार नाही.

गिरणाकाठ (भडगाव)

सातपुडा दादा, तुमच्या वडिलांना माझा नमस्कार. हा धागा मी काल रात्री यजमानांना वाचून दाखवला. ते काही बोलले नाहीत. सकाळी उठून त्यांनी अंगणातल्या खुर्च्या धुतल्या.

केळीबाग (यावल)

सर्वांचे लिहिणे एकदा नव्हे, तीनदा वाचले. बोरीकाठ यांनी मी एकटा होतो म्हणून मला सवलत दिली, ती मी घेऊ शकत नाही, कारण सातपुडा यांचे वडीलही एकटेच होते.

काल संध्याकाळी बसून तोच राजीनामा नव्याने लिहिला. तो असा आहे : 'वादळात बागा गेलेल्या नदीपलीकडच्या वस्तीतील १९ खातेदारांची नावे, त्यांनी आपल्याला मत दिले नाही या कारणावरून, मदतीच्या यादीतून काढण्यास मला सांगण्यात आले. ते मला मान्य नाही. म्हणून मी सरचिटणीसपदाचा व प्राथमिक सदस्यत्वाचा राजीनामा देत आहे.' खाली त्या १९ जणांची नावे लिहिली. सतरा मला तोंडपाठ होती. उरलेल्या दोन नावांसाठी आज सकाळी नदी ओलांडून वस्तीत गेलो. ज्या आठ जणांना मदत मिळाली नव्हती, त्यांत ती दोन्ही होती.

ज्यांनी रेघा मारल्या, ते वरिष्ठ आता थकले आहेत आणि जळगावला मुलाकडे असतात. शुक्रवारी केळीची गाडी भरून झाली की पत्र घेऊन त्यांच्याकडे जाणार आहे.